कोल्हापूरच्या कंटेनरचा समुद्रावरचा धूर: मोजायचा कसा आणि कमी कसा करायचा

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतून युरोपला माल पाठवत असाल, तर एव्हाना तुमच्याकडेही ती एक्सेल शीट आली असेल. गेल्या वर्षी आम्हाला पाठवलेल्या मालाच्या वाहतुकीत किती हरितगृह वायू बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी ते किती कमी करणार? पहिले दोन रकाने बघूनच बहुतेक कारखाने ती शीट फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवायची सोय करणाऱ्या दलालाकडे, ढकलतात. फॉरवर्डर एक आकडा देतो, आपण तो चिकटवतो, विषय मिटतो. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक विचारतं, "हा आकडा आला कुठून?" तेव्हा फॉरवर्डर सुट्टीवर असतो.

मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघते. बुकिंग करणं, कागदपत्रं करणं, कंटेनर भरून घेणं आणि माल उशिरा गेला की बोलणी खाणं, असा सगळा मामला. आमच्या डिस्पॅचचे मामा म्हणतात, "मॅडम, बोटवाल्यास्नी आपण काय सांगणार? त्यो आपल्याला वळखतो तरी काय?" ओळखत नाही, हे खरंच. वीस-वीस हजार कंटेनर वाहणाऱ्या जहाजावर आपले दोन कुठे आहेत हे त्या कप्तानालाही माहीत नसतं. तरीही माझं म्हणणं असं की आपल्या मालापुरता जो धूर निघतो, त्यातला बराचसा कारखान्याच्या गेटाच्या आत ठरतो: माल वेळेत तयार झाला का, कंटेनर किती भरला, तो रिकामा कुठून आला. जहाजाची निवड त्यानंतरची. म्हणून या लेखाचा क्रमही तसाच ठेवला आहे.

मागचं थोडं

जगातल्या सगळ्या जहाजांनी, देशांतर्गत आणि मासेमारीची धरून, २०१८ साली १०७.६ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे वायू हवेत सोडले. माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या २.८९ टक्के. हा आकडा आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, चौथ्या अभ्यासातला. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजाचा धूर कुठल्याच देशाच्या खात्यावर मांडत नाहीत. १९९७ च्या क्योटो करारानं ते काम आयएमओकडे सोपवलं. तिनं २०२३ साली उद्दिष्टं कडक केली: २००८ च्या तुलनेत २०३० पर्यंत किमान २० टक्के घट, २०४० पर्यंत किमान ७० टक्के, आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य. ती गाठायला इंधनाचे बंधनकारक निकष आणि धुराला किंमत लावणारी चौकट एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाली. पण ऑक्टोबरमध्ये ती स्वीकारायची वेळ आली, तेव्हा लंडनच्या बैठकीत मतदान होऊन विषय वर्षभर पुढे ढकलला गेला.

युरोपीय संघ मात्र थांबलेला नाही. त्याचे नियम आपल्या भाड्याच्या बिलात आधीच आलेत, त्याबद्दल पुढे सांगते.

हिशोब मांडायचा तो असा

एक २० फुटी कंटेनर घेऊ, त्यात २४ टन कास्टिंग, शिरोली ते न्हावा-शेवा आणि तिथून रॉटरडॅम. सुएझमार्गे समुद्रातलं अंतर सुमारे ६,३०० सागरी मैल, म्हणजे ११,७०० किलोमीटरच्या आसपास. मोठ्या कंटेनर लाइन, म्हणजे जहाज कंपन्या, क्लीन कार्गो नावाच्या गटातर्फे दरवर्षी मार्गवार सरासरी काढतात: एक टीईयू एक किलोमीटर न्यायला किती ग्रॅम. टीईयू म्हणजे एक २० फुटी कंटेनर. ४० फुटी असेल तर दोन धरायचे. तुमच्या मार्गाचा आकडा फॉरवर्डरकडून लेखी मागून घ्या. इथे नुसत्या हिशोबापुरते ६० ग्रॅम धरते.

११,७०० ला ६० ग्रॅमनी गुणलं की ७०२ किलो. जहाज नकाशावरच्या सरळ रेषेनं जात नाही, म्हणून प्रथेप्रमाणे १५ टक्के वाढवायचे. झाले ८०७ किलो. इथे दोन ठिकाणी लोक चकतात. काही तक्त्यांत ते १५ टक्के आधीच मिळवलेले असतात, ते परत मिळवू नका. दुसरं, आकडा फक्त जहाजात जळलेल्या इंधनाचा आहे, की तेल विहिरीतून काढून, शुद्ध करून जहाजापर्यंत आणण्यातला धूरही त्यात आहे, हे विचारा. गिऱ्हाइकाला सहसा दुसऱ्या प्रकारचा लागतो आणि तो मोठा असतो. आयएसओ १४०८३ हे २०२३ चं मानक आणि त्याच्याशी जुळणारी जीएलईसी ही वाहतुकीचा धूर मोजायची चौकट हा संपूर्ण साखळीचाच हिशोब मागतात.

आता रस्ता. शिरोलीहून न्हावा-शेवा पावणेचारशे किलोमीटर धरा. पण कंटेनर आपल्या दारात उगवत नाही. तो बंदराजवळच्या यार्डातून रिकामा वर येतो, इथे भरतो आणि परत खाली जातो. म्हणजे साडेसातशे किलोमीटर. ट्रेलर जाऊन-येऊन लिटरला साडेतीन किलोमीटर देत असेल तर २१४ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ५७० किलोच्या वर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अर्ध्या जगाच्या समुद्राला ८०७ किलो आणि शिरोली-न्हावा-शेवा-शिरोलीला ५७०. आमच्या मालकांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कॅल्क्युलेटर मागवला होता.

आता तिसरा आकडा, विमानाचा. मुंबई-फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर. लांब पल्ल्याच्या हवाई मालाला टन-किलोमीटरमागे साधारण ६०० ग्रॅम धरले तर एक टन कास्टिंगला जवळजवळ ४ टन कार्बन. म्हणजे घाईत एक टन माल विमानानं पाठवला की पाच भरलेल्या कंटेनरच्या समुद्रप्रवासाएवढा धूर झाला. पाच कंटेनर म्हणजे १२० टन माल.

पहिलं काम: विमान बंद

वरच्या हिशोबानंतर हे सांगायची गरज उरू नये, पण उरते. कारण विमानानं माल पाठवायचा निर्णय शांतपणे कुणी घेतच नाही. तो गुरुवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकाची उत्पादनाची लाइन बंद पडायच्या भीतीनं होतो. त्यामुळे गुरुवारी तो अडवायला जाऊ नका. त्याची मुळं आधी शोधा.

मागच्या वर्षभराची एअर शिपमेंट काढा आणि प्रत्येकीसमोर खरं कारण लिहा. पॅटर्न उशिरा आला. ब्लो-होल्समुळे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या भोकांमुळे) लॉट रिजेक्ट झाला. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) माणसं नव्हती. मशीनिंगचं जॉबवर्क बाहेर अडकलं. गिऱ्हाइकानंच शेड्यूल अचानक वाढवलं. मग विमानाचं भाडं डिस्पॅचच्या खात्यावर न टाकता त्या-त्या कारणाच्या खात्यावर टाका. मोल्डिंगच्या महिन्याच्या अहवालात विमानाचं भाडं दिसायला लागलं की मोल्डिंगवाले स्वतःहून विचारायला येतात. गिऱ्हाइकानं शेड्यूल वाढवलं असेल तर भाडं त्याच्याकडे मागा, आणि सोबत कार्बनचा आकडा पाठवा. त्यांच्या खरेदी विभागाला तो त्यांच्याच वरिष्ठांना दाखवावा लागतो. लई परिणाम होतो.

पावसाळा हा कोल्हापूरचा स्वतंत्र विषय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक दिवसच्या दिवस ठप्प झाली. भरलेले कंटेनर इकडे, जहाज तिकडे. पूर ओसरल्यावर सगळ्यांनी काय केलं? विमान. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: जुलै-ऑगस्टला लागणाऱ्या मालातला दोन-तीन आठवड्यांचा भाग मे-जूनमध्येच समुद्रानं पाठवून गिऱ्हाइकाच्या किंवा तिकडच्या भाड्याच्या गोदामात ठेवायचा. गोदामाचं भाडं द्यावं लागतं आणि पैसे अडकतात, म्हणून फायनान्सवाले कुरकुरतात. त्यांच्यासमोर विमानाचं एक बिल ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की त्या आठवड्याचे तयार कंटेनर ताबडतोब सोडायचे. ४३ फुटांची, धोक्याची वाट बघत बसू नका.

लेटर ऑफ क्रेडिटवरची (बँकेच्या पेमेंट हमीपत्रावरची) शिपमेंटची शेवटची तारीख हेही एक छुपं कारण. ऑर्डर घेताना ती घट्ट मान्य केली जाते आणि शेवटी घाई होते. ऑर्डर स्वीकारतानाच दोन आठवडे जास्त मागा. त्या वेळी कुणी नाही म्हणत नाही.

एवढं करूनही वेळ आलीच तर अख्खा लॉट पाठवू नका. गिऱ्हाइकाची लाइन चालू राहायला किती नग लागतात ते विचारा, तेवढेच विमानानं, बाकी समुद्रानं. दुबईपर्यंत जहाज आणि पुढे विमान असाही एक मधला मार्ग फॉरवर्डर देतात. हवेतलं अंतर घटतं, तसा धूरही घटतो.

कंटेनर भरणं

आपल्या कास्टिंगची गंमत अशी की कंटेनर वजनानं भरतो, आत जागा रिकामीच राहते. २० फुटी कंटेनरचं कमाल एकूण वजन बहुधा ३०,४८० किलो असतं. कंटेनरचं स्वतःचं सव्वादोन टन वजा केलं तर कागदावर २८ टन माल बसतो. प्रत्यक्षात लाइनची मर्यादा, आपल्या ट्रेलरचं एक्सल-लोड आणि तिकडच्या रस्त्याची मर्यादा यातली जी सर्वांत कमी ती आपली. ती एकदा लेखी विचारून घ्या. माझ्या पाहण्यात कित्येक कारखाने सवयीनं १८ टनांवर थांबतात, आणि का थांबतात हे कुणालाच आठवत नाही.

चार कंटेनरमध्ये १८-१८ टन म्हणजे ७२ टन. तोच माल २४ टनांप्रमाणे तीन कंटेनरमध्ये बसतो. एक कंटेनर वाचला की समुद्राचे ८०७ आणि रस्त्याचे ५७० मिळून पावणेचौदाशे किलो कार्बन वाचला, शिवाय भाडं वाचलं. त्यासाठी पॅलेटचं माप बदलावं लागतं: वजन तळावर सारखं पसरायला हवं, दाराकडे ढीग नको. २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, देणं सक्तीचं आहेच, तेव्हा त्याच व्हीजीएमच्या आकड्यांतून वर्षाची सरासरी काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक वेळा त्यात पहिला धक्का बसतो.

इथे हिशोबातली एक खोच. धूर टीईयू-किलोमीटरनं मोजला तर ही बचत दिसते. टन-किलोमीटरनं मोजला तर दिसतच नाही, कारण टन तेवढेच राहतात. वर टन-किलोमीटरचे सरसकट तक्ते एका टीईयूत साधारण १० टन माल धरून केलेले असतात, त्यामुळे आपल्यासारख्या जड मालाला आकडा अडीचपट फुगतो. कंटेनरसाठी टीईयूचीच पद्धत घ्या आणि वर्षामध्ये बदलू नका.

शेजारच्या कारखान्याबरोबर मिळून कंटेनर भरायची कल्पना दर बैठकीत निघते. जड कास्टिंग खाली आणि हलका माल वर. कल्पना चांगली, फक्त तेल लावलेल्या कास्टिंगवर इचलकरंजीचं कापड चढवू नका. गोकुळ शिरगावच्या दोन इंजिनिअरिंगवाल्यांचं जुळत असेल तर जरूर करा.

रिकामी फेरी

५७० किलोतला जवळजवळ अर्धा भाग रिकामा कंटेनर वर आणण्यात जातो. त्याच दिवशी आपल्याच वसाहतीत कुणाचा तरी आयातीचा कंटेनर रिकामा होऊन खाली चाललेला असतो. कागलच्या बाजूला यंत्रं, सुटे भाग, रेझिन, भंगार असं बरंच काही येतं. तो कंटेनर इथल्या इथे आपण भरला, तर दोन रिकाम्या फेऱ्या वाचतात: आपली चढतीची आणि त्याची उतरतीची.

करायचं कसं? पहिल्यांदा आपण जास्तीत जास्त कुठली लाइन वापरतो ते बघा, मग त्याच लाइननं आयात करणारे कारखाने शोधा. कस्टम्सचा दलाल आणि ट्रान्सपोर्टवाला यांना हे तोंडपाठ असतं. चहा पाजा आणि विचारा. लाइनला ईमेल करून कंटेनर पुन्हा वापरायची परवानगी घ्यायची. काही लाइन त्याचे पैसे घेतात, ते रिकाम्या फेरीच्या डिझेलपेक्षा कमीच निघतात. कंटेनर आला की कुणीतरी आत उभं राहून दारं लावून घ्यायची आणि उजेड कुठून येतो का ते बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी समुद्रावर आत पाणी येतं. भंगाराचा कंटेनर असेल तर तळ जास्त बारकाईनं बघा. ड्रायव्हर मंडळी या योजनेवर खूश असतात, रिकामा कंटेनर घेऊन खंडाळ्याचा घाट चढायची कुणाला हौस नाही.

नकाशावर जयगड जवळ दिसतं, पण आपल्या कंटेनरला नियमित लाइन न्हावा-शेवालाच मिळते. रेल्वेचं फॉरवर्डरला अधूनमधून विचारत राहा. आणि रॉटरडॅमच्या पुढे माल जर्मनीत जायचा असेल तर गिऱ्हाइकाला ऱ्हाइन नदीतली बार्ज घ्यायला सुचवा. ट्रकपेक्षा धूर कमी, आणि सुचवायला आपलं काही जात नाही.

आता जहाज

प्रथम हे बघा की जहाज निवडतं कोण. एफओबीवर, म्हणजे समुद्राचं भाडं गिऱ्हाईक भरतं अशा अटीवर, विकत असाल तर लाइन गिऱ्हाइकाचा फॉरवर्डर ठरवतो. तुम्ही फक्त सेलिंगची तारीख सुचवू शकता. सीआयएफवर (भाडं आणि विमा तुमचा) असाल तर निवड तुमची. दोन्ही बाबतीत पुढची माहिती मागता येते.

मार्ग विचारा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइननी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. केप ऑफ गुड होपमार्गे रॉटरडॅम सुमारे १०,८०० सागरी मैल, २०,००० किलोमीटर. वरच्याच पद्धतीनं कंटेनरमागे ८०७ चे १,३८० किलो होतात. सुरक्षिततेपुढे आपलं काही चालत नाही, पण हिशोबात जे झालं ते लिहा. प्रत्येक बुकिंगला मार्ग नोंदवून ठेवा, वर्षाच्या शेवटी आठवत नाही.

वेग विचारा. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनानं वाढते. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर तासाला लागणारं इंधन २७ टक्क्यांनी घटतं, आणि प्रवास लांबला तरी फेरीमागे १९ टक्के वाचतं. म्हणून जलद सेवेसाठी जादा पैसे देण्यापूर्वी थांबा. मात्र जास्त दिवस लागतात म्हणजे जहाज हळू जातं, असं धरू नका. कधी कधी कंटेनर कोलंबोत नाहीतर सलालात दुसऱ्या जहाजाची वाट बघत पडलेला असतो. तो वेळ काही वाचवत नाही, उलट वळसा आणि दोनदा चढ-उतार. थेट आणि सावकाश सेवा सर्वांत चांगली.

सावकाश सेवा परवडायची असेल तर गंजाची तयारी हवी. दमट कंटेनरमध्ये आठवडा जास्त गेला की मशीन केलेल्या पृष्ठभागावर लालसर डाग येतात, गिऱ्हाईक माल नाकारतं, आणि बदली माल कशानं जातो ते तुम्हाला माहीत आहेच. गंज रोखणाऱ्या चांगल्या व्हीसीआय पिशव्या, ओल शोषणाऱ्या पिशव्या, आणि पूर्ण वाळलेली लाकडी पॅलेट. ऐन पावसात ओल्या पॅलेटवर माल चढवू देऊ नका, सुपरवायझर कितीही घाई करो.

जहाजाचं मूल्यमापनही बघता येतं. २०२३ पासून ५,००० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांना आयएमओच्या सीआयआय या कार्बन-तीव्रतेच्या पद्धतीनं ए ते ई श्रेणी मिळते. माझा त्यावर फार भरवसा नाही. ती जहाजाच्या क्षमतेवर काढतात, प्रत्यक्ष वाहिलेल्या मालावर नाही, त्यामुळे अर्धं रिकामं फिरणारं जहाजही छान दिसू शकतं. त्यापेक्षा युरोपीय संघाची थेटिस-एमआरव्ही ही सार्वजनिक नोंद बघा. बिल ऑफ लेडिंगवर (लाइननं दिलेल्या मालाच्या पावतीवर) जहाजाचं नाव असतं, त्यावरून सात अंकी आयएमओ क्रमांक मिळतो, तो तिथे घातला की त्या जहाजाचं युरोपच्या फेऱ्यांतलं वर्षाचं उत्सर्जन फुकट दिसतं.

साखर कारखान्यांसाठी दोन ओळी. मोकळ्या मालाचं अख्खं जहाज भाड्यानं घेता तेव्हा तुमची ताकद आमच्यापेक्षा खूप जास्त असते. जहाज पूर्ण वेगानं धावत यायचं आणि धक्का मोकळा नाही म्हणून आठवडाभर नांगर टाकून बसायचं, हा नेहमीचा प्रकार. धक्का मिळेल त्या दिवशी पोचेल अशा बेतानं हळू यायची मुभा करारातच घाला, आणि वाचलेल्या इंधनाचा वाटा ठरवून घ्या.

हिरव्या इंधनाची पावती

नेहमीचं जड इंधन तेल एक टन जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याऐवजी काय, यावर लाइनचे विक्रेते सुंदर पत्रकं देतात. ती वाचताना हे लक्षात ठेवा.

एलएनजीवरची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवरची, जहाजं धूर कमी करतात हे निम्मं खरं. टनामागे कार्बन डायऑक्साइड २.७५ टनच निघतो, पण न जळलेला मिथेन इंजिनातून निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास तापवतो. युरोपीय नियमांत ही गळती कमी दाबाच्या चार-स्ट्रोक इंजिनाला ३.१ टक्के धरतात आणि जास्त दाबाच्या दोन-स्ट्रोकला ०.२ टक्के. तेव्हा नुसतं "एलएनजी" म्हणून चालत नाही, इंजिन कुठलं ते विचारा. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, लॉरा मर्स्क, २०२३ मध्ये आलं; पण मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून बनवलेलं असेल तर जमेला काही नाही. अमोनियात कार्बन नसतो, तरी तो विषारी आहे, आणि जळताना नायट्रस ऑक्साइड निघाला तर तो २७३ पट तापवणारा.

हमखास मिळतं ते जैवइंधन, वापरलेल्या खाद्यतेलापासूनचं. ते तुमच्या जहाजात जाईलच असं नाही. लाइनच्या कुठल्या तरी जहाजात जळतं आणि बचत तुमच्या नावावर लिहून प्रमाणपत्र मिळतं. पद्धत चालते, पण प्रमाणपत्रावर कच्चा माल कुठला, कुणी तपासला, आणि हीच बचत दुसऱ्या कुणाला विकलेली नाही ना, हे तीनही असलं पाहिजे. आमच्याकडे कुणी ना कुणी म्हणतंच, की एवढी साखर कारखानदारी आहे, उसाचं इथेनॉल घाला की जहाजात. युरोपचा जहाजांच्या इंधनाचा फ्यूएलईयू नियम अन्नपिकांपासूनच्या इंधनाला जीवाश्म इंधनासारखंच मोजतो. कचऱ्यापासून बनवलं तर गोष्ट वेगळी.

माझं मत: हे प्रमाणपत्र सर्वांत शेवटी विकत घ्या. विमान चालू ठेवून आणि अर्धे कंटेनर पाठवून हिरवी पावती लावणारा कारखाना गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला लगेच कळतो.

बिलातली ईटीएसची ओळ

युरोपच्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात, म्हणजे ईटीएसमध्ये, जहाजं १ जानेवारी २०२४ पासून आली. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन मोजतात. त्यातल्या २०२४ च्या ४० टक्क्यांचे, २०२५ च्या ७० टक्क्यांचे आणि २०२६ पासून पूर्ण उत्सर्जनाचे पैसे लाइनला भरावे लागतात, आणि ती ते आपल्याकडून घेते. रक्कम तपासता येते. आपले ०.८०७ टन, त्याचं निम्मं, परवान्याचा भाव समजा टनाला ७० युरो: २०२६ साठी २८ युरो. रिकामे कंटेनर परत नेण्याचा वाटा वगैरे धरून लाइननं थोडं जास्त लावलं तर समजू शकतं. चौपट लावलं तर हिशोब मागा. फ्यूएलईयूचं शुल्क २०२५ पासून वेगळं आहे; दोन्ही एकाच ओळीत कोंबले असतील तर सुटे करून मागा.

सीबीएएमची, म्हणजे युरोपच्या आयातीवरच्या कार्बन आकारणीची, यात गल्लत करू नका. तो कारखान्यात लोखंड बनवतानाच्या धुराचा विषय आहे, समुद्रप्रवास त्यात मोजत नाहीत.

शीट भरताना

भाडं कोण भरतं, त्यावर रकाना ठरतो. तुम्ही पैसे दिलेली वाहतूक तुमच्या स्कोप ३ च्या (कारखान्याबाहेरच्या साखळीतल्या उत्सर्जनाच्या) चौथ्या प्रकारात जाते, गिऱ्हाइकानं दिलेली नवव्या प्रकारात. एफओबीवर न्हावा-शेवापर्यंतचा रस्ता तुमचा चौथा, समुद्र तुमचा नववा. दोन्ही वेगळे लिहा.

प्रत्येक शिपमेंटला एक ओळ ठेवा: इनव्हॉइस क्रमांक, माल किती टन, टीईयू किती, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक, सुएझ की केप, कुठे जहाज बदललं, कंटेनर यार्डातून आला की इथलाच परत वापरला, आणि विमान असेल तर कारण. बुकिंगच्या दिवशीच भरायची. शीटच्या तळाशी ग्रॅमचा आकडा कुठल्या वर्षाचा, १५ टक्के धरले की नाही आणि इंधनाची पूर्ण साखळी मोजली का, हे लिहा. मार्गाची नवी सरासरी आली की ती नव्या वर्षाला लावायची. मागच्या वर्षाच्या ओळी जुन्या आकड्यावरच राहू द्या, नाहीतर घट आपण केली की तक्ता बदलल्यामुळे दिसली, हे पुढच्या ऑडिटमध्ये सांगता येत नाही.